निपाणीच्या आठ विहिरी

गेल्या मे महिन्यात आपल्या मंडळाच्या स्नेहभोजनात माझ्या शेजारी नववीतली एक मुलगी बसली होती. पुरणपोळी बाजूला सारून ती मला तिच्या शाळेच्या एन्व्हिरोथॉनच्या संघाबद्दल सांगत होती. पाच जणांचा संघ, माती, पाणी, जंगल, वन्यजीव आणि त्या वर्षीचा एखादा चालू प्रश्न अशी पाच अंगं, आणि वर्गात बसून नव्हे तर उघड्यावर जाऊन द्यायची परीक्षा. खड्ड्यातली माती बोटांत चोळून तिचा प्रकार सांगायचा, पानावरून झाड ओळखायचं. ही स्पर्धा १९७९ मध्ये आपल्या याच पेनसिल्व्हेनियात सुरू झाली, हे मला तिच्याकडूनच कळलं. मग तिनं सहज विचारलं, "काका, तुमच्या वेळी इंडियात असं काही होतं का?"

होतं, असं मी म्हणालो आणि पुढचं बोलणं टाळून वाटीतला कटाचा आमटीचा शेवटचा घोट घेतला. टाळलं का, ते खाली येईलच.

आमच्याकडे जे होतं त्याचं नाव राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १९९३ पासून देशभर सुरू केलेला उपक्रम. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी गट करायचा, मार्गदर्शक शिक्षक घ्यायचे, आपल्याच गावातला एखादा प्रश्न निवडून काही महिने त्याची मोजमापं करायची आणि अहवाल लिहून परीक्षकांसमोर मांडायचा. पाठांतर नाही, थर्माकोलचा ज्वालामुखी नाही. अहवाल आपल्या भाषेत लिहिला तरी चालतो, आणि आमच्यासारख्या कर्नाटकातल्या मराठी शाळांना ही फार मोठी गोष्ट होती. दर दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय असतो. २००४ आणि २००५ साठी तो होता पाणी. मी तेव्हा निपाणीत नववीत होतो.

डिसेंबरात घरी जायचं ठरलं तेव्हा म्हटलं, या वेळी जरा त्या बाजूनं फिरून यावं.

पुण्याहून निघालं की कोल्हापूरपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. कागल मागे पडलं की दूधगंगेचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका. तिथून कर्नाटक. पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, लाल बसच्या अंगावरचं नाव बदलतं, पण उसाच्या ट्रॉल्या तशाच, त्यांच्यावरची गाणी तशीच आणि टपरीवाला "चा देऊ काय?" असंच विचारतो. माझ्या बायकोचं माहेर नाशिकचं. ती दरवेळी नाक्यावर विचारते, "म्हणजे आता आपण परराज्यात?" आणि माझे बाबा मागच्या सीटवरून दरवेळी तेच उत्तर देतात, "तुझ्या गुगलच्या हिशेबानं."

बाबांच्या पिढीचा हा विषय. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सरकार तो प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे मी विहिरी मोजत होतो त्याच वर्षी. तेव्हा घरात पेपर आला की सीमाप्रश्नाची बातमी मोठ्यानं वाचली जायची आणि मी त्याच पेपराच्या कोऱ्या कडांवर विहिरींच्या पाण्याची मापं खरडायचो.

सौंदलगा ओलांडलं की यमगर्णीला वेदगंगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिचं पाणी या महामार्गावर आलं होतं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली होती, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. डिसेंबरात मात्र नदी शहाण्यासारखी खाली असते. भुदरगडच्या डोंगरातून येते, कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत इकडे येते, दूधगंगेला मिळते आणि दोघी पुढे कृष्णेला. निपाणीच्या नळाला पाणी येतं ते एक या नदीवरून उपसलेलं आणि दुसरं जवाहर तलावातलं. पण २००४ मध्ये आम्हाला नदीशी काही देणंघेणं नव्हतं. आमचा प्रकल्प विहिरींचा होता.

निपाणी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवते. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडलं होतं आणि त्याचा शेवट गोळीबारात झाला. मी त्यानंतर जन्मलेला. माझी आठवण म्हणजे वखारींचा वास. बाहेरच्याला तो ठसका लावतो, आम्हाला तो घर जवळ आल्याची खूण. आता गावाभोवती ऊस जास्त दिसतो. ऊस म्हणजे बारमाही पाणी, आणि बारमाही पाणी म्हणजे बोअर. आमच्या सरांना हे तेव्हाच दिसत होतं. म्हणूनच त्यांनी विषय सुचवला: पावसाळ्यात आपल्या विहिरी किती आणि कशा भरतात?

गटात आम्ही पाच जण. एक शेतकऱ्याचा मुलगा, कारण त्याच्यामुळे आम्हाला कोणी मळ्यातून हाकललं नसतं. एक जण उभ्या भिंतीच्या बाटलीचं पर्जन्यमापक सांभाळणारा. त्यानं एकही दिवस चुकवला नाही, पुढे तो बँकेत लागला यात मला नवल वाटत नाही. एक मुलगी नकाशे काढणारी. एक मुलगी, तिची आई विड्या वळायची. तिच्याइतकी काटेकोर मोजणारी मी नंतर कुठल्याही टीममध्ये पाहिली नाही. आणि गटप्रमुख मी. मी का? कारण मला कन्नड बरं यायचं आणि बोलताना मी चाचरायचो नाही. सरांनी निवडलं, कोणी काही बोललं नाही. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आठ विहिरी ठरल्या. पाच कर्नाटकात, तीन महाराष्ट्रात. निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे. आमच्या गावाचं म्हणून सगळे ज्याला ओळखतात ते देवचंद कॉलेज तिथे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात आहे. आम्ही सायकलवरून एका तासात दोन राज्यं फिरून यायचो. हत्यार काय, तर एक सुतळीची दोरी, दर अर्ध्या फुटाला गाठ आणि टोकाला दगड. कठड्यावरून दोरी सोडायची, दगड पाण्याला लागल्याचा 'डुबुक' ऐकला की धरायची, ओढून गाठी मोजायच्या. जितक्या गाठी जास्त तितकं पाणी खोल. दर रविवारी दोघांची पाळी. मापं एका कागदावर, आणि सोमवारी मी ती मोठ्या तक्त्यात उतरवायची.

इथली जमीन बसाल्टची. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. उघड्या विहिरीत जे पाणी येतं ते बहुतेक या मुरमातून आणि वरच्या भेगांतून. पाऊस पडला की काही दिवसांत पातळी वर आली पाहिजे. जिथे वरून चिकण काळी माती फुगून बसते तिथे उशीर लागतो. आणि शेजारी कोणी दोनशे फूट खाली जाऊन पाणी ओढायला लागलं की विहिरीच्या वाट्याचं पाणीही खालच्या भेगांतून निघून जाऊ शकतं. हे मला आज नीट मांडता येतं. तेव्हा सर सांगायचे आणि मी मान डोलवायचो.

आता ते टाळलेलं. १० ऑक्टोबर २००४ चा रविवार. पाळी माझी आणि तिची. आदले दोन दिवस हस्ताचा पाऊस धो धो कोसळला होता, रानात चिखल, आणि त्यातच बंगळूरला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा शेवटचा दिवस. शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, "चिखल हाय, उद्या नको, सोमवारी बघू." आणि रविवारी टीव्हीपुढे बसलो. आपण ती कसोटी २१७ धावांनी हरलो. सोमवारी सहामाही परीक्षेची गडबड. तक्त्यातला एक रकाना रिकामा. मी मागचे आकडे पाहिले. सप्टेंबरच्या शेवटापासून पाणी हळूहळू उतरत होतं. म्हणून मी सगळ्या आठ विहिरींचं पाणी अर्धा फूट खाली गेलं असं लिहून टाकलं. आठही ठिकाणी अर्धा फूट. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नोव्हेंबरात जिल्हा पातळी झाली. परीक्षक तिघे, त्यातल्या एकांना मराठी वाचता येत नव्हतं. माझं सादरीकरण छान झालं. दोघे माना हलवत ऐकत होते. तिसरे, ज्यांना अहवालातलं अक्षरही कळत नव्हतं, ते फक्त तक्ता पाहत होते. शेवटी त्यांनी चष्मा वर केला आणि एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "एंटू बावी, ओंदे लेक्का?" आठ विहिरी आणि एकच हिशेब? त्याच ओळीत पर्जन्यमापकवाल्यानं लिहिलेलं होतं: दोन दिवसांत ६ सेंटिमीटर पाऊस.

मी म्हटलं, पाणी मुरायला वेळ लागतो सर. ते म्हणाले, सगळीकडे सारखाच? मग हसले, रागावले नाहीत, आणि पुढच्या गटाला बोलावलं. आमची निवड झाली नाही. परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "अरे, ते मराठी वाचत नव्हते ना, त्यामुळे झालं." सीमाभागात असं कारण पटकन पटतं. बाकीच्यांनाही पटलं. घरी बाबांनाही पटलं, फार पटलं. ते कारण खरं नव्हतं, उलट मराठी वाचता येत नव्हतं म्हणूनच त्या गृहस्थांनी आकडे वाचले, हे फक्त मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. वीस वर्षं. कोणी सीमाप्रश्नावर बोलताना बाबा माझ्या त्या स्पर्धेचं उदाहरण द्यायचे, तेव्हाही.

निपाणीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत ती फाईल मिळाली. कडा कुरतडलेल्या, पण तक्ता शाबूत. तो उघडून बघायचं धाडस झालं नाही. फाईल तशीच मित्राला फोन करून मी तिचा पत्ता विचारला. ती येळ्ळूरला असते, असं कळलं.

निपाणीहून बेळगावचा रस्ता मला फार आवडतो. गाव सुटलं की तवंदीचा घाट. स्तवनिधीच्या जैन मंदिराकडे जाणाऱ्या गाड्या तिथे वळतात. घाटाच्या माथ्यावरून मागे बघितलं की निपाणीचा सगळा सपाट मुलूख दिसतो, आणि राज्याची सीमा कुठून जाते ते मात्र अजिबात कळत नाही. मग संकेश्वर, हिरण्यकेशी. उजव्या-डाव्या हाताला ऊस, मका, सोयाबीनचं रान. पुढे घटप्रभा, जिच्यावर हिडकलचं धरण आहे. यमकनमर्डी, मग वंटमुरीचा घाट, आणि हवा बदलते. बेळगावची हवा गार असते हे आम्ही निपाणीकर मान्य करतो, बाकी त्यांचं काही मान्य करत नाही. कुंदा घ्यायला थांबलोच. मुलीला मांडे बघायचे होते, पातळ रुमालासारखी पोळी उलट्या घागरीवर भाजतात ते.

बेळगावला पिण्याचं पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि हिडकलहून. शहराच्या दक्षिण अंगाला दुसरं एक पाणी वाहतं, बेळ्ळारी नाला. शहापूर, वडगाव, येळ्ळूर हा पट्टा भाताचा. इथली बासमती नावाजलेली. पावसाळ्यात नाला फुगून शेतात शिरतो, आणि शहराचं सांडपाणीही त्याच नाल्यातून येतं. लहानपणी भात म्हणजे इथलाच. आता शेतांच्या मधोमध प्लॉटचे दगड उभे दिसतात.

तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. येळ्ळूर गडाच्या वाटेवर, दारात भाताची पोती. बी.एस्सी. झालेली, नवरा शेती आणि दुधाचा धंदा बघतो, ही संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते. "अरे, कधी आलास? कळवायचं न्हाई काय?" आणि बायकोला, "तुम्ही बसा हो वैनी, हा काय आमचाच." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं म्हणतात, ते ऐकून नाशिककर बायको अजून चमकते.

चहा झाला. तिची सासू, नवरा, मुलं, सगळे बसलेले. अशा बैठकीत हा विषय कसा काढायचा याची मी गाडीत दोन तास तालीम केली होती, पण शेवटी तिची मुलगी मधे बोलली. "आई म्हणते तुम्ही विहिरी मोजायचा, खरं काय?" मग मी सांगून टाकलं. कसोटी सामना, रिकामा रकाना, अर्धा फूट. सगळं.

ती हसायला लागली. "मला म्हाईत होतं की."

"कसं?"

"मी गेलतो त्या रविवारी."

मी गप्प.

"तू सांगून गेलास, चिखल हाय म्हणून. पण पाऊस पडल्यावरच बघायचं असतंय ना? धाकट्या भावाला घेतलं आणि गेलो. चपला हातात घेऊन. आठीच्या आठी मोजून आलो. सोमवारी कागद घेऊन वर्गात आलो तर तुझा तक्ता भरून सरांच्या टेबलावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती क्षणभर थांबली. "तू गटप्रमुख. आणि सांगून काय, सर तुला एकट्याला थोडंच ओरडले असते? सगळ्यांचं नाव काढून टाकलं असतं. आईनं दोन दिवसाच्या विड्या सोडून मला बेळगावला जायला नवी चप्पल घेतली होती."

तिची मुलगी आता आईकडे वेगळ्या नजरेनं बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "बघा, आम्हाला सांगितलं न्हाई कधी."

मी विचारलं, आकडे आठवतात का? आकडे नाही आठवत, म्हणाली, वीस वर्षं झाली. कागद कधीच गेला. "पण एवढं आठवतंय, सहा विहिरी चांगल्या वर आल्या होत्या. तीन नंबर आणि सात नंबर अजिबात हलल्या न्हाईत. मी दोनदा दोरी सोडली. वाटलं मोजायला चुकलो. त्या दोन्हींच्या शेजारी नवी बोअर पडली होती, आठवतंय काय? एक आपल्या बाजूला, एक अर्जुननगरच्या."

मला बोअर आठवत नव्हत्या. मी विहिरीत बघायचो.

परत निपाणीला आल्यावर रात्री फाईल उघडली. तीन नंबर: ३ ऑक्टोबरला १४ फूट, १७ ऑक्टोबरला १४ फूट. सात नंबर: १९ आणि १९. मधल्या रविवारी माझ्या हातानं लिहिलेले साडेचौदा आणि साडेएकोणीस. बाकीच्या सहा विहिरी १७ तारखेला दोन-तीन फूट वर आलेल्या. माझ्या खोट्या अर्ध्या फुटामुळे या दोन विहिरीही नंतर अर्धा फूट 'वर आल्या' असं दिसत होतं, आणि त्याच्याच खाली माझ्या वळणदार अक्षरात निष्कर्ष: परतीच्या पावसाने उशिरा का होईना, आठही विहिरी भरल्या. तो मधला रकाना झाकला की सगळं डोळ्यांसमोर येतं. सहा भरल्या, दोन नाहीत. बोअरमुळे, की तिथे काळी माती जाड होती म्हणून, हे तेवढ्यावरून ठरत नाही. पण शोधायला लागायचं तिथूनच होतं. पाच मुलांच्या प्रकल्पात सांगण्यासारखं हे एवढंच सापडलं होतं, आणि ते मी बुजवलं.

जेवताना बाबांनाही सांगितलं. ते बराच वेळ ताकात भात कालवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या कन्नड मास्तराचं बरोबर होतं." एवढंच. नंतर चार दिवसांत आमच्याकडे पाहुणे आले, सीमाप्रश्न निघाला, पण स्पर्धेचं उदाहरण निघालं नाही.

पुण्याला परतायच्या दिवशी सकाळी फाईलमधला नकाशा घेऊन मुलीसोबत बाहेर पडलो. सात नंबर सापडली नाही. तिथे आता गाळ्यांची रांग आहे. अर्जुननगरच्या बाजूची तीन नंबर सापडली. कठडा एका अंगानं ढासळलेला, आत पिंपळाचं रोप, तळाशी प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि हिरवट पाणी. पलीकडच्या उसात बोअरची मोटर चालू होती. मुलीनं खडा टाकला आणि कान देऊन ऐकलं.

उसातून एक आजोबा आले. "काय पाव्हणं, काय बघताय?"

"काही नाही आजोबा, पाणी किती खाली आहे बघतोय."

"हिचं?" त्यांनी विहिरीकडे न बघताच मोटरीकडे बोट केलं. "तिला इचारा की."

मी त्यांच्याकडे दोरी मागितली. त्यांनी गोठ्यातून म्हशीचं दावं आणून दिलं. ते पुरलं नाही, म्हणून त्याला मुलीची ओढणी बांधली.